आबा हवेत आहेत

'आबा आहेत का?' असं कुणी दारात येऊन विचारलं की काकू पोळपाटावरची नजर न हलवता लाटण्याचं टोक वर करायच्या. नवख्या माणसाची पंचाईत व्हायची. एकदा एका कुरिअरवाल्याने हेल्मेट काढून हातात घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, 'कधी?'

'न्याहारी करून गेले,' काकू म्हणाल्या. 'भूक लागली की उतरतील.'

आबा म्हणजे आमचे घरमालक आणि काकू म्हणजे त्यांची बायको. धायरी गाव होतं तेव्हा आबांची तिथे शेती होती. धायरीचं पुणं झालं, तसं शेताच्या जागी तीन मजले उभे राहिले आणि त्यांत कुठून कुठून आणलेले आमच्यासारखे भाडेकरू पेरले गेले. 'तुमच्या ओट्याखाली माझी मेथी व्हती,' असं आबा दर भेटीत ऐकवायचे. सूर असा, की ती मेथी आम्हीच खाऊन टाकली. वर गच्चीत एक खोली होती. पुण्यात गच्चीवरच्या खोलीत लोक मोडका कूलर ठेवतात, नाहीतर मेहुणा ठेवतात. आबांनी लढाऊ विमान ठेवलं होतं.

खरं विमान नव्हे, हे इथे सांगून टाकतो. आबांसमोर ते सांगायची कधी हिंमत झाली नाही. तो संगणकावरचा खेळ होता. तीन पडदे, त्यांच्यापुढे खोलगट खुर्ची, पायाशी दोन पेडल, उजव्या हाताला विमान वळवायचा दांडा आणि डाव्या हाताला वेगाचा थ्रॉटल. पण खेळ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, म्हणजे बटण दाबलं की ढिशक्यांव, तसलं यात काही नाही. यात विमान नुसतं सुरू करणं हाच पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम. खऱ्या विमानात जेवढी बटणं तेवढी यात, आणि एक चुकलं की इंजिन खोकून बंद. ज्याला रोज आयुष्यात पुरेसा मनस्ताप होत नाही, अशा माणसासाठी हा खेळ केलेला आहे.

विमान आणलं होतं त्यांच्या मुलाने. मुलगा आयटीत. त्याची हौस लग्नापर्यंत टिकली. मग त्याने बाणेरला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि विमान आईवडिलांबरोबर धायरीत राहिलं. आबांनी आधी त्यावर चादर टाकली. मग एक दिवस चादर काढली. 'दावणीला जनावर उभं हाय आन् कुणी फिरवत न्हाई, हे बरं दिसतं का?' असं म्हणून जे बसले ते बसलेच.

मी कसा बसलो तेही सांगतो. मी फारसं सांगणारा माणूस नाही. माझा दात दुखतो हे बायकोला दातांच्या डॉक्टरकडून कळतं. पण आता सांगायचंच ठरवलं आहे, तर सुरुवातीच्या छोट्या खोटेपणापासून सांगतो. म्हणजे मोठ्यापाशी पोचल्यावर मागे फिरता येणार नाही.

आमचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. भाडं वाढवू नका, असं विनवायला मी गच्चीवर गेलो.

'आबा, ते भाड्याचं जरा...'

'इंग्रजी येतं ना तुमाला?'

'येतं.'

'मग हे वाचा.'

त्यांनी माझ्या हातात विमानाचं माहितीपुस्तक ठेवलं. फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून, स्पायरल घालून आणलेलं. जाडी पाहता त्यात विमानाबरोबर विमानतळाचीही माहिती असावी. मी पानंच्या पानं मराठीत सांगत गेलो आणि भाडं होतं तिथे राहिलं. पुढे एका रविवारी त्यांनी विचारलं, 'शिकणार का?' मी म्हणालो, 'लहानपणापासूनची इच्छा आहे.' लहानपणापासून माझी इच्छा पोस्टात चिकटायची होती.

आम्ही वर्ध्याचे. बायको म्हणाली, 'लोकं भाडं वाचवाले दूर राहाले जातात. माहा नवरा लढाईवर चालला, बाप्पा.'

आबांच्या नकाशात शिरूर संपलं की एकदम नागपूर लागायचं, त्यामुळे मी 'नागपूर' झालो. शिकवणी सुरू झाली त्या दिवशी 'तुमी'चा 'तू' झाला.

आबांची शाळा कडक होती. आत जाताना चपला बाहेर, हातपाय धुतलेले, कांदा खाऊन यायचं नाही. बसण्याआधी खुर्चीला एक प्रदक्षिणा. खरे वैमानिक विमानाभोवती फिरून चाकं, पंख तपासतात म्हणून.

'चाकं बघितलीस?'

'आबा, चाकं कुठे आहेत?'

'कांप्युटरात हायेत.'

'मग ती कशी बघू?'

'देवळात जातोस तवा देव दिसतो का तुला? तरी फिरतोस न्हवं?'

मी फिरायचो. मग बसायचं आणि बटणांची आरती सुरू. ते म्हणायचे, 'बॅटरी.' मी म्हणायचो, 'लावली.' 'पंप.' 'चालू.' 'छत.' 'बंद.' एक जरी उत्तर अडखळलं तरी पुन्हा बॅटरीपासून. कितीतरी रविवार मी जमिनीवरच होतो. आमच्या सिंहगड रस्त्याच्या कोंडीत गाडी जेवढी हलते, तेवढंसुद्धा माझं विमान हललं नाही. दांडा घट्ट धरला की पाठीमागून आवाज यायचा, 'कासरा आवळू नको. जनावराला कळतं तू भ्यालाय ते.' आबांनी तरुणपणी शर्यतीचे बैल पळवले होते. त्यांच्या लेखी विमान म्हणजे चाऱ्याऐवजी वीज खाणारा बैल.

खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-विळ्यांबरोबर थ्रॉटलची पूजा व्हायची. हळद-कुंकू इतक्या भक्तिभावाने वाहिलेलं, की ते बटणांच्या खाली गेलं. तेव्हापासून पंखांचे फ्लॅप खाली घेतले की माझं बोट पिवळं व्हायचं. एकदा दांड्याचा एक भाग ढिला झाला म्हणून मी त्यांच्याबरोबर बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने वर न बघता विचारलं, 'गेमसाठी हवाय का?'

'न्हाई, नांगरणीसाठी,' आबा म्हणाले.

'तो मार्केट यार्डात मिळतो,' दुकानदार म्हणाला आणि पुन्हा पेपर वाचू लागला.

परत येताना आबा खूश होते. 'मानूस चांगला हाय,' म्हणाले.

माझं पहिलं उड्डाण एका रविवारी दुपारी झालं. उतरणं झालं नाही. पडद्यावर जाळ दिसला, मग काळोख. मी सवयीने कळ दाबून पुन्हा सुरू करायला गेलो, तर आबांनी भिंतीवरचं मेन बटणच बंद केलं.

'काय करतूयास?'

'परत सुरू करतोय.'

'परत? तू मेलास.'

'आबा, खेळात असं...'

'कळ दाबली की जित्ता, असलं मरन नाटकात असतंय. घरी जा. दहावा झाला की ये.'

मला वाटलं चेष्टा. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्यातून पलीकडची भिंत बघितली आणि खाली उतरून गेले. काकू मागून येत होत्या. 'त्यांच्या लेखी तुमी अजून नाहीत,' त्या म्हणाल्या. 'कढी नेता का थोडी?'

दहा दिवस मी त्या इमारतीत नव्हतो. अकराव्या दिवशी आबा स्वतः आले, हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, 'चल. बॅटरीपासनं.'

विमान पडायच्या आत खुर्चीसकट बाहेर उडी मारली तर सुतक नव्हतं. पण त्याची वेगळी शिक्षा होती. 'कुठं उतरलास? डोंगरात. मग ये चालत.' म्हणजे खाली उतरून धायरी फाट्यापर्यंत पायी जायचं आणि पायी परत यायचं. पुरावा म्हणून येताना फाट्यावरची भेळ आणायची. इमारतीतल्या लोकांना मी व्यायाम सुरू केलाय असं वाटायचं आणि भेळ बघून माझी कीव यायची.

पण मी शिकलो तो याच विक्षिप्तपणामुळे, हे कबूल करायला हवं. जगभर लोक हा खेळ खेळताना एका दुपारीत वीस वेळा मरतात आणि एकविसाव्यांदा तसेच मरतात. मला मरणाची किंमत मोजावी लागायची. मी उंची बघायला लागलो, तेल बघायला लागलो. पोस्टात चिकटू न शकलेल्या माणसाला चाळिशी उलटल्यावर ढगांच्या वर जाण्याचं वेड लागलं. भाडं विसरलो. हे खोटं नाही.

आबा स्वतः कधीच मेले नव्हते. जेव्हापासून बसले तेव्हापासून एकदाही नाही. ते धाडसी नव्हते. ते सतत मान वळवून मागे बघायचे. खऱ्या मानेने, खुर्चीत बसून. मागे गच्चीचं दार आणि दारावर काकूंची वाळत घातलेली नऊवारी. तरी बघायचे, आणि मग बटणाने पडद्यावर मागचं दृश्य आणायचे. 'पुढनं येतो तो पाहुना,' म्हणायचे. 'मारनारा मागनं येतो.'

त्यांच्या मुलाचा दर आठवड्याला फोन यायचा. 'बाबा, आता दोघांनी इकडे राहायला या. एकटे किती दिवस राहणार?' फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे मीही ऐकायचो. मुलगा वाईट नव्हता. खरंच काळजीने बोलायचा. आबांचं उत्तर ठरलेलं होतं.

'मला मागचंबी दिसतंय अजून. ज्या दिवशी मागनं आलेलं दिसनार न्हाई, त्या दिवशी येतो. सवता येतो. बोलवू नको.'

आणि फोन ठेवून मला म्हणायचे, 'चौदाव्या मजल्यावर ऱ्हायचं आन् खिडकी उघडायची न्हाई. त्यापरीस आपलं हे बरं. हितं निदान उडता येतं.'

म्हणजे तो खेळ त्यांच्यासाठी काय होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

शेवटी त्यांनी मला जोडीला घेतलं. मी खाली माझ्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप आणि साधा दांडा घेऊन बसायचो, ते वर गच्चीवर. दोघांच्या कानाला माइक. आमची दोन विमानं एका बाजूला आणि संगणकाने उडवलेली शत्रूची दुसऱ्या बाजूला. जोडीदाराचं काम एकच: पुढच्याची पाठ राखायची. 'डावा बैल पळतो, उजवा बघतो,' आबा म्हणायचे. मी उजवा. मी आजवर एकही विमान पाडलेलं नव्हतं. धावपट्टीवर उभा असलेला ट्रक मला दिला होता, तोही मी चुकवला होता. आबा यावर कधी रागावून बोलले नाहीत. नुसते म्हणायचे, 'ट्रकवाला घरी पेढे वाटत आसंल.'

या खेळात एक क्षेपणास्त्र असतं, ते उष्णतेच्या मागे जातं. त्याला आपला-परका कळत नाही. समोर जे तापलेलं दिसेल त्याच्या शेपटीत शिरतं. म्हणून आबांचा नियम होता: ते बाजूला होऊन तोंडाने 'मोकळं' म्हणेपर्यंत मी बोट हलवायचं नाही. आणखी एक त्यांचं खूळ होतं. कुणी कुणाला पाडलं याची ओळ पडद्यावर येते, ती त्यांनी कायमची बंद करून टाकली होती. 'लढाईत वरनं पाटी पडत न्हाई,' म्हणायचे.

त्या रविवारी दुपारी आबा एका शत्रूच्या मागे लागले होते. मी त्यांच्या मागे. ते वळले, तो वळला, मी वळलो. आणि माझ्या कानात तो घुमणारा आवाज सुरू झाला. क्षेपणास्त्राला उष्णता दिसली की येतो तो. इतक्या दिवसांत मला तो कधी ऐकू आला नव्हता. समोर वर्तुळात एक विमान होतं. आबांनी 'मोकळं' म्हटलेलं नव्हतं. मला हे कळत होतं. पण त्यांच्या आधी, एकदा तरी, मी पाडावं आणि त्यांनी ते बघावं, असं इतकं जोरात वाटलं की बोट हललं.

ते शत्रूचं नव्हतं.

माइकमध्ये खरखर झाली. मग आबांचा आवाज, अगदी साधा, भाजी आणायला विसरलो म्हणावं तसा:

'मेलो वाटतं.'

मी दांड्यावरचं बोट काढलं.

'नागपूर, कोन व्हतं रं मागं?'

आता इथे माणूस काय म्हणतो? म्हणतो, 'आबा, मी होतो.' तीन शब्द. मी म्हणालो, 'दिसलं नाही, आबा. खालून आलं असेल.'

'तू बघत व्हतास न्हवं?'

'बघत होतो.'

मग ते म्हणाले, 'तुला न्हाई दिसलं ते जाऊ दे. तू शिकाऊ. मला दिसाया पायजे व्हतं.'

पुढच्याच आठवड्यात करार नवा करायचा होता, म्हणून मी खोटं बोललो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. त्यात निदान व्यवहार आहे. पण ते खरं नाही. करार मला नंतर आठवला. त्या क्षणी फक्त लाज वाटली, आणि लाजेपुढे मला दुसरं काही दिसलं नाही. नंतर वाटलं, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. बसतील घरी, मग पुन्हा 'बॅटरी'.

आबा दहा दिवस सुतकात बसले. स्वतःचं सुतक माणसाला कसं पाळता येतं, हे धर्मशास्त्रात नसावं, पण त्यांनी पाळलं. दाढी नाही, गच्ची नाही. दहाव्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. वर गेलो तर कठड्यावर केळीच्या पानावर भाताचा गोळा ठेवलेला आणि आबा हात जोडून उभे.

काकूंचा तोल सुटला होता. 'जिता मानूस सवताचा पिंड ठेवतूय! शोभतं का ह्ये? लोकं बघतात!'

'बघू देत. दुसऱ्यांना नेम लावायचा आन् सवताला सूट, हे मला जमनार न्हाई.'

'आन् म्या काय करू? कुंकू पुसू?'

'तू चहा ठेव.'

कावळा आला नाही. पुण्यात आता कावळेही भाड्याने आणावे लागतील. आम्ही तिघे उन्हात उभे. कावळा शिवत नसेल तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं मानतात. मग जवळचं कुणीतरी पुढे होऊन सांगतं, अमुक करतो, तमुक करतो, तू काळजी करू नकोस. आबा भाताकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, 'कुठनं आलं ते कळलं आसतं तर बरं झालं आसतं.'

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी ते गिळलं.

शेवटी कबुतरं आली आणि सगळा भात खाऊन गेली.

'कबूतर चालतं का?' आबांनी विचारलं.

'न चालून सांगता कुनाला?' काकू म्हणाल्या आणि पान उचलून आत गेल्या. जाताना डोळे पुसत होत्या. मी आपला ऊन लागलं असेल असं धरून चाललो.

अकराव्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. आबांनी एक खाल्ला. खुर्चीत बसले नाहीत. 'डोळं दाखवून येतो,' म्हणाले. मीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, 'वयाच्या मानाने उत्तम आहेत.' बाहेर आल्यावर आबा म्हणाले, 'वयाच्या मानानं, म्हनला. ऐकलंस न्हवं?'

माणूस म्हातारा होताना मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. आधी स्कूटर सुटली. 'मागनं कोन येतंय कळत न्हाई.' मग जिना उतरताना भिंतीला हात लागायला लागला. मग फाट्यावर जाणं बंद झालं, कारण रस्ता ओलांडावा लागतो. हे सगळं काही महिन्यांतच झालं. आणि एका रविवारी मी वर बसलो असताना मुलाचा फोन आला. त्याने नेहमीचं विचारलं. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्यांकडे, आणि म्हणाले, 'कधी गाडी पाठवतूस?'

पलीकडून मुलगा दोनदा 'हॅलो' म्हणाला. त्याला वाटलं असेल, चुकीचा नंबर लागला.

टेम्पो भरला त्या दिवशी इमारतीतले सगळे खाली आले होते. खुर्ची, पडदे, दांडा, सगळं माझ्या फ्लॅटमध्ये आलं. 'नागपूरला द्या,' आबा म्हणाले. 'त्याचा हात अजून बसायचाय.' टेम्पोच्या काचेतून त्यांनी मला हात केला, पण मी होतो त्याच्या जरा डावीकडे बघून. मला अजून ठाम सांगता येत नाही, त्यांना खरंच दिसलं नव्हतं की ती नुसती सवय झाली होती.

पुढे मुलाने भाडं वाढवलं. व्हॉट्सअॅपवर, हात जोडलेल्या चित्रासकट. मी लगेच हो म्हणून टाकलं. बायकोने विचारलं, 'तुम्हाले बरं नाही का?' खुर्चीवर ती कपडे वाळत घालते. मी एकदा बसून पाहिलं. बॅटरी लावली, पंप चालू केला, आणि पुढचं विचारणारं कुणी नव्हतं, तेव्हा उठलो.

आणि मग या वर्षी मी बाणेरला गेलो. सांगायला. का आताच, ते मला विचारू नका. मलाही माहीत नाही. खाली रखवालदाराने माझा फोटो काढला, मोबाइलवर परवानगी मागितली, मग लिफ्टने वर पाठवलं. इतकी तपासणी आमच्या आबांनीही कधी शत्रूची केली नाही.

दार काकूंनी उघडलं. त्या जरा बारीक झालेल्या. मुलगा-सून कामावर होते. आबा बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेले, बाल्कनीला काच लावलेली. मी आलोय हे आवाजावरून ओळखलं. 'नागपूर!' त्यांचा चेहरा एकदम उजळला. मग गुडघे, हवा, धायरीचं पाणी, सगळी चौकशी झाली. मग मी सांगितलं.

'आबा, त्या दिवशी शत्रू नव्हता. मी मारलं तुम्हाला.'

त्यांनी ऐकलं. आणि मग हसायला लागले. गच्चीवर हसायचे तसं, खांदे हलवून.

'तू?'

'मी.'

'तुझ्यानं उभा ट्रक पडला न्हाई. तू मला पाडनार?'

'आबा, खरं सांगतोय. तुम्ही "मोकळं" म्हणायच्या आधी मी दाबलं. तुम्ही त्याच्या मागे डावीकडे वळलात, आणि...'

'उजवीकडं.'

'डावीकडे, आबा.'

'उजवीकडं वळलो मी. सूर्य डाव्या अंगाला व्हता.' ते समजुतीच्या सुरात बोलत होते. 'बघ, तुला गोष्टसुदिक नीट रचता येत न्हाई.'

मी सगळं सांगितलं. कानातला आवाज, वर्तुळ, बोट. मला एकदा पाडायचं होतं, तेही सांगितलं. कावळ्याच्या दिवशी तोंडाशी आलेलं गिळलं, तेही. जितकं जास्त सांगत गेलो तितका त्यांचा चेहरा मवाळ होत गेला, आणि मला घाम फुटत गेला. माझ्या आयुष्यात मी इतकं सलग खरं कधी बोललेलो नाही, आणि समोरचा माणूस मान हलवत होता, लहान मुलाने खाऊतला अर्धा घास पुढे करावा तेव्हा हलवतो तशी.

'हिनं सांगितलं ना तुला असं बोलाया?' त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं. 'म्हातारा खचलाय, त्याला बरं वाटंल, म्हनून.'

काकू दाराशी उभ्या होत्या. केव्हापासून ते मला कळलं नव्हतं. 'म्या कशाला सांगू?' त्या म्हणाल्या. त्या आबांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

'मग हा सवताहून आलाय. आनखीच मोठं.' आबांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. 'नागपूर, एक सांगू? असलं काय म्हाताऱ्या मानसाला सांगू नये रं. एखाद्या दिवशी खरं वाटाया लागतं. मग मानूस उठतो, स्कूटर काढतो, आन् मरतो.'

'आबा, पण तुमचे डोळे चांगले आहेत.'

'वयाच्या मानानं,' ते म्हणाले, आणि काचेतून बाहेर बघायला लागले. बाहेर समोरची इमारत होती.

मग मान न वळवता त्यांनी आवाज दिला. 'अगं, चहा टाक. आलं घाल. लय मोठ्या मनाचा मानूस आलाय.'

काकू आत गेल्या. बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही, मग आला. चहा घेऊन त्या बाहेर आल्या. आबांचा कप त्यांच्या हातात दिला. माझा कप मी हात पुढे केला होता तरी हातात दिला नाही. खाली, फरशीवर ठेवला.

मी वाकून तो उचलला आणि सगळा प्यायलो.